स्लो वाढवू नका : उभ्या गाडीत थरथरणाऱ्या पिकअपचे निदान

पुण्याजवळचे पिरंगुट सोडून उरवडे मागे टाकले की मुठा घाट लागतो आणि घाट ओलांडला की मुठा नदीचे खोरे. वरच्या अंगाला टेमघर धरण, त्यापुढे लवासा. खालच्या अंगाला नदीच्या कडेने सांगरूण आणि खडकवासला. या खोऱ्यातला माल पिकअपच वाहते. पहाटे दुधाचे कॅन, दिवसा सिमेंट आणि खडी, लग्नसराईत मांडवाचे सामान, सुगीला आंबेमोहोराची पोती, भाजी निघाली की थेट गुलटेकडीचे मार्केट यार्ड. गाडी बहुधा डिझेलची, दहा-पंधरा वर्षांची आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातातली असते.

अशा गाडीची एक तक्रार ठरलेली असते. चालताना ती बरी वाटते, पण उभी राहिली की थरथरते. आरसा हलतो, गियरचा दांडा नाचतो, दाराची काच वाजते. ड्रायव्हर म्हणतो, “मिसिंग मारतीय.” त्यावरचा उपायही ठरलेला असतो : “थोडी स्लो (मंद गती) वाढवून द्या.” मेकॅनिक डिझेल पंपाचा स्क्रू पाव वेढा फिरवतो, इंजिनाचे फेरे वाढतात, थरथर दबते आणि गाडी पुन्हा घाटाला लागते.

दुखणे मात्र जिथे होते तिथेच राहते, फक्त दिसेनासे होते. स्लोचा स्क्रू हे निदान नाही, हेच या प्रकरणाचे सांगणे आहे. थरथर कुठून येते ते क्रमाने शोधता येते. त्यातल्या पहिल्या तपासण्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत, आणि खर्चाची कामे शेवटी येतात.

उभ्या गाडीतच दोष का दिसतो

चार सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला ८०० फेरे या मंद गतीने फिरते आहे असे धरू. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४०० स्फोट, चौघांचे मिळून १,६००. सेकंदाला सुमारे २७ धक्के. ते इतके जवळजवळ असतात की हाताला एकसलग गुणगुण लागते. आता यातला एक सिलिंडर मेला, तर सेकंदाला जवळपास सात वेळा इंजिनाचा ठेका चुकतो. इतका मंद झटका शरीराला स्पष्ट कळतो. ड्रायव्हर ज्याला ‘मिसिंग’ म्हणतो ते हेच.

सिलिंडर मरायलाच हवा असेही नाही. अडीच लिटरचे इंजिन उभ्या जागी तासाला साधारण पाऊण लिटरच्या आतबाहेर डिझेल पिते. ते १,६०० गुणिले ६०, म्हणजे ९६,००० फवाऱ्यांत वाटले, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला सात-आठ घन मिलिमीटर येतात. पावसाच्या एका बारीक थेंबाएवढे. चढावर भरल्या गाडीत हाच फवारा कित्येक पटींनी मोठा असतो. एखाद्या नोझलने दोन घन मिलिमीटर कमी सोडले, तर चढावर ते लक्षातही येत नाही, पण उभ्या गाडीत त्या सिलिंडरचा चौथा हिस्सा गेलेला असतो. शिवाय वेगात फ्लायव्हील आणि गाडीचे वजन झटके गिळून टाकतात, मंद गतीत तो आधार उरत नाही. म्हणून इंजिनाचा छोटा दोष सर्वांत आधी उभ्या गाडीत बोलतो. स्लो वाढवणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे.

घाटात हा प्रश्न सोयीचा नसून सुरक्षेचा

पावसाळ्यातल्या रविवारी टेमघर-लवासाकडे निघालेल्या गाड्यांनी घाट भरून जातो. रांगेत उभ्या असलेल्या, भरलेल्या पिकअपचे इंजिन उतारावर बंद पडले, तर काय होते हे प्रत्येक चालकाला माहीत असले पाहिजे.

डिझेल गाडीच्या ब्रेकला मदत करणारी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, इंजिनावर फिरणारा छोटा पंप तयार करतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. इंजिन बंद झाले की साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीन वेळा नेहमीसारखा लागतो, पुढे पेडल दगडासारखे कडक होते. पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या चालकाची गाडी अशा वेळी पूर्णपणे अस्थिर मंद गतीच्या भरवशावर असते. ज्या गाडीची मंद गती डळमळते, ती दुरुस्त होईपर्यंत घाटात गियरमध्येच उतरवावी. इंजिन बंद पडलेच तर ब्रेक पंप करत बसू नये. एकदाच जोर लावून दाबून धरावा आणि हँडब्रेक ओढावा.

पाना उचलण्याआधी पाच प्रश्न

पहिला प्रश्न : थरथर सकाळी थंड इंजिनातच असते की गरम झाल्यावरही? थंडपणी असून पाच मिनिटांत जात असेल, तर संशय ग्लो प्लग (ते असलेल्या इंजिनात), कमी कॉम्प्रेशन किंवा डिझेलच्या नळीत शिरलेली हवा यांवर जातो. उलट, गरम झाल्यावर वाढत असेल, तर घासलेला पंप किंवा गळके नोझल डोळ्यांसमोर ठेवावे.

दुसरा : धुराचा रंग कोणता? डोळे चुरचुरवणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरी वाफ थांबतच नसेल आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केट तपासल्याशिवाय गाडी घाटात घालू नये.

तिसरा : क्लच दाबल्यावर फरक पडतो का? खडखड थांबली तर आवाज गियरबॉक्सच्या बाजूचा आहे. थरथर तशीच राहिली तर ती इंजिनाची किंवा त्याच्या फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या रबरी बैठकीची.

चौथा : किंचित रेस दिल्यावर थरथर जाते का? जात असेल तर दोष मंद गतीपुरता, म्हणजे इंधनाची वाटणी, ईजीआर व्हॉल्व्ह किंवा फाउंडेशन यांपैकी कशाचा तरी. रेस वाढली तरी ठेका चुकतच राहिला, तर एखादा सिलिंडर खरोखर काम करत नाही.

पाचवा : अलीकडे काय केले? डिझेल कुठून भरले, फिल्टर कधी बदलला, कुणी पाइप सोडले होते का? पुष्कळदा मूळ उत्तर इथेच मिळते.

गाडीची जातही ध्यानात घ्यावी. पुण्यात तयार झालेली आणि २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस सुरुवातीला ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर चालत असे. दोनच सिलिंडर असले की ८०० फेऱ्यांना सेकंदाला तेराच धक्के मिळतात, त्यामुळे ती निरोगी असूनही चार सिलिंडरच्या बोलेरो पिकअपपेक्षा जास्त हलते. म्हणून तुलना नेहमी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या गाडीशी करावी.

पाणी आणि हवा

मुठा खोऱ्यासारख्या पावसाच्या मुलखात पहिला संशय पाण्यावर घ्यावा. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आतल्या दमट हवेतली वाफ पत्र्यावर जमते आणि ओघळून डिझेलमध्ये उतरते. बॅरलमध्ये किंवा कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलचेही तेच. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि टाकीतून ओढून घेणारी नळीही तळाजवळच असते. फिल्टरच्या पोटात पाणी साठले की ते पंपापर्यंत पोचते. तिथे वंगणाचे काम डिझेलच करत असते. पाण्यात तो गुण नाही. त्यामुळे आज फक्त थरथरणारी गाडी उद्या गंजलेला पंप दाखवते.

तपासणी सोपी आहे. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. तो सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. काळपट चिकट गाळ दिसला तर टाकीत जंतूंची वाढ झालेली आहे. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून भागत नाही, टाकी उतरवून धुवावी लागते. पावसाळ्यात हे पाणी दर आठवड्याला काढावे आणि संध्याकाळी टाकी शक्यतो भरलेली ठेवावी.

दुसरा संशय हवेवर. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे या टप्प्यात रबराला चीर गेली किंवा क्लिप ढिली झाली, तर बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, उलट आत हवा शिरते. बाहेरून कोरडी दिसणारी नळी म्हणूनच फसवते. फवाऱ्यात हवेचे बुडबुडे आले की कधी या तर कधी त्या सिलिंडरचा घास चुकतो, आणि थरथर ठरावीक ठेक्यात न येता लहरी होते.

इथे गाडी कशी उभी करता याला महत्त्व आहे. खोऱ्यातली बरीच घरे उतारावर आहेत. तोंड वर करून रात्रभर उभ्या केलेल्या पिकअपची टाकी मागे, खालच्या बाजूला येते. नळीत बारीकशी जरी फट असली तरी रात्री डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी इंजिन खोकत सुरू होते. तीच गाडी एक रात्र तोंड खाली करून उभी करावी. सकाळी ती नीट सुरू झाली, तर हवेचा पुरावा मिळालाच. नक्की करायचे असेल तर पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडून बुडबुडे डोळ्यांनी बघावेत. दुरुस्तीही स्वस्त आहे : नवी नळी, चांगल्या क्लिपा, फिल्टरच्या जोडांवरचे नवे तांब्याचे वॉशर, आणि शेवटी हातपंप मारून हवा काढणे.

कोणता सिलिंडर?

डिझेल स्वच्छ आहे, हवा नाही, तरी थरथर आहे, तर सिलिंडर शोधायचा. इथून पुढे गाडीचे वय महत्त्वाचे ठरते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात अनुभवी मेकॅनिक मंद गतीवर एकेका प्रेशर पाइपचा नोझलकडचा नट थोडा सैल करतो. त्या सिलिंडरचे डिझेल बाहेर पडते आणि तो बंद होतो. निरोगी सिलिंडर बंद केला की इंजिन आणखी अडखळते. ज्याचा नट सैल करूनही काही फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय हे करू नये.

नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कॉमन रेल इंजिनात ही चाचणी चुकूनही करू नये. या पद्धतीत पाइपमधला दाब मंद गतीवरही शेकडो बार असतो आणि जोरावर हजार बारच्या पलीकडे जातो. असा फवारा कातडी भेदून आत शिरतो आणि हात गमावण्याची वेळ येते. इथे स्कॅनर जोडून प्रत्येक इंजेक्टरची दुरुस्तीची आकडेवारी वाचावी. इंजिनाचा कॉम्प्युटर अशक्त सिलिंडरला जास्त डिझेल देऊन ठेका सांभाळत असतो, त्यामुळे ज्याचा आकडा इतरांहून फार वेगळा, त्याच्यावर संशय घ्यायचा. किंवा चारही इंजेक्टरचे परतीचे डिझेल चार बाटल्यांत सारखा वेळ जमवावे. जी बाटली जास्त भरली, तो इंजेक्टर घासलेला.

सिलिंडर सापडला तरी लगेच पंप उतरवू नये. आधी ते एक नोझल काढून टेस्टरवर बघावे. फवारा धुक्यासारखा बारीक आणि सारखा सुटला पाहिजे, आणि सुटल्यावर टोक कोरडे राहिले पाहिजे. धार पडत असेल किंवा टोकाला थेंब लोंबत असेल, तर नोझल बदलायचे. पंप-नोझलच्या दुकानांतून ‘मायको’ हा शब्द आजही ऐकू येतो. बॉशची भारतातली मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, १९५१ मध्ये सुरू झाली, २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले, आणि तिचा एक मोठा कारखाना आपल्या नाशिकमध्ये आहे. खरे नोझल मिळणे महाराष्ट्रात अवघड नाही, तेव्हा बिनखोक्याचा, बिनबिलाचा माल घेण्याचे कारण नाही. नोझल बसवताना त्याखालचा तांब्याचा वॉशर नवाच टाकावा. जुना वॉशर गॅस सोडतो, फुसफुस आवाज येतो आणि नोझलभोवती काळे डांबर जमते.

इंजिनाच्या आत

नोझल चांगले आणि तरी सिलिंडर मंद, तर कॉम्प्रेशन मोजावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा ५०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा वर तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. रिंगा झिजल्या, व्हॉल्व्ह नीट बसेनात, तर हवा निसटते, हवी तेवढी उष्णता तयार होत नाही आणि थंडीतल्या सकाळी तो सिलिंडर मागे राहतो. पुष्कळ इंजिनांत निरोगी आकडा साधारण २५ ते ३० बारचा असतो, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त सांगून जातो. तीन सारखे आणि एक पडलेला असेल तर दोष त्या एकाच जागी आहे.

हेड उघडण्याआधी टॅपेट तपासावेत. फट कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळू लागतो. ज्या इंजिनात टॅपेट सेटिंग करता येते, तिथे हे काही तासांचे काम एखाद्या वेळी हजारोंचा खर्च वाचवते. मापे मात्र त्या इंजिनाच्या पुस्तकातलीच घ्यावीत.

ईजीआर व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत तोही पाहावा. सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडून विषारी वायू कमी करणे हे त्याचे काम. काजळीने तो उघडा अडकला की मंद गतीवर इंजिनाला ताजी हवा कमी पडते, थरथर आणि काळा धूर एकत्र दिसतात. व्हॉल्व्ह काढून साफ करावा. पत्रा लावून तो कायमचा बंद करणे चुकीचे आहे. ज्या हवेत आपली मुले श्वास घेतात, तिचाच हा हिशेब आहे.

दोष इंजिनात नसेलही

इंजिन चासीवर रबरी फाउंडेशनवर बसते. खड्डे, ऑइलची गळती आणि वय यांनी रबर फुटते किंवा पिचते. मग निरोगी इंजिनाची नेहमीची हालचालही थेट केबिनमध्ये पोचते. ओळखायची खूण अशी : बॉनेट उघडून ऐकावे. इंजिनाचा आवाज एकसारखा येत असेल आणि तरी आत बसल्यावर अंग हलत असेल, तर आधी फाउंडेशन बघावे. सायलेन्सरचे रबरी झुले तुटून पाइप चासीला टेकला तरी तशीच थरथर होते, आणि ते झुले फार स्वस्त असतात.

ऑटोमॅटिक पिकअप असेल तर

आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप थोड्या आहेत, पण इसुझू, टोयोटाच्या गाड्यांमुळे त्या आता पुण्याच्या रस्त्यांवर दिसतात. अमेरिकेत तर ऑटोमॅटिक पिकअप सर्रास असते. तिला क्लचचे पेडल नाही. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. ‘डी’मध्ये ब्रेक दाबून उभे राहिले, तरी इंजिन ते तेल घुसळत असते. म्हणजे उभ्या गाडीतही त्याच्यावर भार असतो.

हा भारच निदानाला उपयोगी पडतो. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून आणि पुढे-मागे कोणी नाही याची खात्री करून गाडी आधी ‘एन’मध्ये, मग ‘डी’मध्ये, मग ‘आर’मध्ये काही सेकंद ठेवावी. तिन्हीकडे थरथर सारखी असेल तर दोष इंजिनाचा. ‘एन’मध्ये गाडी शांत आणि ‘डी’मध्ये हलत असेल तर फाउंडेशन किंवा भार न पेलणारे इंजिन. ‘डी’ आणि ‘आर’ यांत ठळक फरक असेल तर एका बाजूचे फाउंडेशन, कारण दोन्हींत इंजिनाला बसणारा पीळ उलट दिशेचा असतो. थांबताना इंजिन गचका देऊन बंदच पडत असेल, तर कन्व्हर्टरचा आतला लॉक सुटत नसल्याचा संशय घ्यावा. गियरबॉक्सचे ऑइल काळे पडून जळका वास येतो का, तेही बघावे. अशा गाडीत स्लो वाढवणे दुप्पट घातक आहे. ‘डी’ लावताच ती धक्का देते आणि ब्रेक सोडला की पुढे झेप घेते.

पेट्रोल पिकअपमध्ये संशयितांची यादी बदलते : स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, मळलेली थ्रॉटल बॉडी आणि चिरलेली व्हॅक्यूमची नळी. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत स्कॅनरची एकसारखी जोडणी सक्तीची आहे. पी-०३०१ हा कोड पहिला सिलिंडर चुकतो आहे एवढेच सांगतो, कोणता भाग बिघडला ते सांगत नाही. पहिल्यावरची कॉइल दुसऱ्यावर लावावी आणि पुन्हा कोड वाचावा. कोडही दुसऱ्यावर गेला तर कॉइल खराब. नाहीतर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

मालकाने काय करावे

क्रम लक्षात ठेवा : पाणी, हवा, फिल्टर, फाउंडेशन, नोझल, टॅपेट, कॉम्प्रेशन आणि सर्वांत शेवटी पंप. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदला आणि गाडी तपासा. तीन भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित सुधारेल, पण दुखणे कशात होते ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खर्च पुन्हा येईल.

मेकॅनिककडे पुरावा मागण्यात अपमान नाही. डिझेलची बाटली स्वतः बघा. नोझलचा फवारा टेस्टरवर समोर उभे राहून बघा. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा. चांगला कारागीर हे आनंदाने दाखवतो. जो काहीही न तपासता थेट पंप उतरवायला सांगतो, त्याच्याकडून गाडी परत घ्या.

आणि स्लोच्या स्क्रूला हात लावायचाच असेल, तर तो सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर, कंपनीने दिलेल्या फेऱ्यांवर आणण्यापुरताच लावा.